कच्छचं रण आणि गरबा: निघण्यापूर्वी पडणारे प्रश्न

नवरात्रात गेलो तर गरबाही खेळता येईल आणि पांढरं रणही बघून होईल ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आश्विनात रणात अजून पाणी असतं. पांढऱ्या रणाच्या काठचं गाव धोरडो, तिथे तेव्हा चिखल आणि गुडघाभर खारं पाणी दिसतं, पांढरी चादर नव्हे. छोट्या रणातलं घुडखर (म्हणजे रानगाढव) अभयारण्य दरवर्षी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंदच असतं. म्हणजे गरबा ऐन भरात असतो तेव्हा रण तयार नसतं, आणि रण तयार होतं तोवर गरब्याचे मांडव उतरलेले असतात. जाहिरातीत दोन्ही एकाच चित्रात दिसतात ते रणोत्सव या हिवाळी पर्यटन महोत्सवातल्या मंचामुळे. तिथला गरबा पाहुण्यांसाठी बसवलेला असतो. बघायला छान, पण त्याला नवरात्र समजू नये.

मग जावं तरी कधी?

गरबा हवा असेल तर नवरात्रात अहमदाबाद, वडोदरा किंवा सौराष्ट्र गाठा. रण हवं असेल तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. नोव्हेंबरात मीठ पातळ आणि ओलसर असतं. पाऊस उशिरापर्यंत लांबला असेल तर डिसेंबरातही निराशा होते. मार्चनंतर ऊन चढतं आणि मीठ धुळीने मळकट होतं.

एक मधला मार्ग आहे. अधिक महिना येतो त्या वर्षी नवरात्र पुढे सरकतं, आणि शरद पौर्णिमा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पडते. ही आपली कोजागिरी. गुजरातेत त्या रात्री पुन्हा गरबा होतो आणि मसाला दुधाऐवजी दूध-पौंआ खातात, म्हणजे गार दुधात भिजवलेले पोहे. अशा वर्षी पौर्णिमेचा गरबा करून छोट्या रणात घुडखर बघता येतात. पांढऱ्या रणाचा नाद मात्र तेव्हाही सोडावा.

मोठं रण, छोटं रण आणि पांढरं रण यांत फरक काय?

मोठं रण कच्छच्या उत्तरेला, पाकिस्तानच्या सीमेपर्यंत. छोटं रण आग्नेयेला, सुरेंद्रनगर, पाटण, मोरबी आणि कच्छ यांच्या मध्ये, साधारण ५,००० चौरस किलोमीटर. ‘पांढरं रण’ हे वेगळं रण नाही; धोरडोजवळचा मोठ्या रणाचा दक्षिण काठ पर्यटकांसाठी खुला केला आहे, त्याचं ते चालू नाव.

सहल आखताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे घुडखर आणि मिठाचे आगर छोट्या रणात, तर मिठाचा पांढरा पट्टा मोठ्या रणात. छोट्या रणाच्या काठच्या दसाडा-झैनाबादहून धोरडोला जायचं तर ३०० किलोमीटरहून जास्त रस्ता आहे. ‘सकाळी घुडखर, संध्याकाळी पांढरं रण’ असं कोणी विकत असेल तर नकाशा उघडून बघा.

रण या शब्दाचा आपल्या रणांगणाशी संबंध लावू नये. तो संस्कृत ‘इरिण’शी, म्हणजे खाऱ्या उजाड जमिनीशी जोडतात.

एवढं मीठ येतं कुठून? हे वाळवंट आहे की समुद्र?

दोन्ही, आळीपाळीने. रण समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा खाडीचं पाणी आत ढकलतो, आणि त्याच वेळी लुणी मोठ्या रणात, तर बनास, रूपेण, सरस्वती छोट्या रणात पाणी आणतात. उतार नसल्याने ते पाणी निघून जात नाही, जागच्या जागी आटतं. खालची चिकणमाती मुळात खारट. पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. कधी काळी सिंधूचा एक फाटाही या बाजूला पाणी आणत असे. १८१९ च्या भूकंपात जमीन उचलली गेली, ‘अल्लाह बंध’ नावाचा लांबलचक उंचवटा तयार झाला आणि तो प्रवाह अडला. लखपत बंदराची रया तिथून गेली.

या सपाटीत मधूनच थोडी उंच, गवत-झुडपांची जमीन लागते. तिला तिथे ‘बेट’च म्हणतात, आणि पावसाळ्यात ती खरोखरच बेटं होतात. रणातलं सगळं जनावर या बेटांच्या भरवशावर जगतं.

गरबा, गरबी, रास, दांडिया म्हणजे एकच का?

मुंबईत सगळ्याला सरसकट ‘दांडिया’ म्हणायची पद्धत पडली आहे. तिकडे असं म्हणालात तर लगेच सुधारतील.

गरबा म्हणजे मूळ भोकं पाडलेला मातीचा घट, आत दिवा: गर्भदीप. आपण घटात धान्य रुजत घालतो, ते घटाला भोकं पाडून उजेड बाहेर सोडतात. त्या घटाभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात तो गरबा, आरतीच्या आधी. आपला भोंडलाही याच दिवसांत हत्तीभोवती फेर धरतो. गरब्याच्या वाट्याला ढोल आला आणि मैदान मोठं झालं. गरबी हा सौराष्ट्रातला पुरुषांचा फेर, शिवाय चौकात मांडलेल्या देवीच्या स्थानालाही तेच नाव. रास कृष्णाचा: काठ्या घेऊन खेळला तर दांडिया रास, नुसत्या टाळ्यांवर ताली रास. तो आरतीनंतर.

याखेरीज भरवाडांचा हुडो, कोळी बायकांची लांब दांड्यांनी चुन्याची जमीन धोपटत केलेली टिप्पणी, पोरबंदरकडच्या मेरांचा मणियारो आणि रंगीत दोऱ्यांची वेणी विणत-उसवत जाणारं गोफगुंथण, असे प्रकार जमातीनुसार वेगळे. गरब्याला डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

रणाकाठच्या गावांतले लोक गरबा खेळतात का?

गाव कोणतं त्यावर आहे. धोरडो ज्या बन्नी पट्ट्यात आहे तिथली वस्ती मुख्यतः मुस्लिम मालधाऱ्यांची, म्हणजे गुरं पाळणाऱ्यांची. त्यांच्याकडे गरबा नाही. त्यांची रात्र ‘वाई’ गाण्याची: सिंधच्या शाह अब्दुल लतीफ भिटाईंची पदं, टिपेच्या आवाजात. जोडिया पावा हे तिथलं खास वाद्य. दोन बासऱ्या एकदम तोंडात धरायच्या, एकीवर आधारस्वर आणि दुसरीवर सूर. वादक गालात हवा साठवत श्वास न तोडता वाजवतो. बन्नीतल्या होडका गावात मुक्काम असेल तर गरब्याची मागणी करण्यापेक्षा हे ऐकायला मिळेल का ते विचारा.

पूर्वेला वागडात आहिरांची गावं आहेत, तिथे बायकांचा रासडा आहे. रापर तालुक्यातल्या व्रजवाणीची कथा सगळ्या कच्छला पाठ आहे: एका ढोल्याच्या ढोलावर १४० आहिराणी घरदार विसरून नाचत राहिल्या, चिडलेल्या पुरुषांनी ढोल्याला मारलं आणि त्या तिथेच सती गेल्या. गावात त्या १४० जणींच्या मूर्ती आहेत. आहिराणींच्या रासाचं आजचं रूप बघायचं तर डिसेंबर २०२३ मध्ये द्वारकेला सुमारे ३७,००० जणी एकत्र खेळल्या होत्या.

आणि कच्छचं स्वतःचं नवरात्र रस्त्यावर असतं. आशापुरा मातेच्या दर्शनाला लोक चालत माता नो मढला जातात. भुजपासून ते सुमारे ९५ किलोमीटर. वाटेवर सेवा कॅम्प लागतात, चहा, जेवण, पायाला मालीश, सगळं फुकट. त्या दिवसांत गाडी त्या रस्त्याने न्यायची असेल तर हळू, आणि शक्यतो दिवसा.

गरब्याच्या वर्तुळात पहिल्यांदा शिरायचं कसं?

फेर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. मध्याकडे तोंड असेल तर उजवीकडे सरकायचं, पुढे चालत असाल तर डावा खांदा मध्याकडे. आत-बाहेर अशी अनेक वर्तुळं असतात. आतली जलद आणि मुरलेल्यांची, तेव्हा सुरुवात सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात करा. शिरताना समोरून आडवं जाऊ नका. वर्तुळाच्या बाहेर त्याच दिशेने चार पावलं चाला, फट दिसली की आत व्हा.

पावलांआधी टाळी पकडा. बहुतेक जुने गरबे हींच तालात, म्हणजे सहा मात्रांत, तीन-तीनच्या झोक्यात असतात. तीन टाळ्यांचा सोपा प्रकार असा: उजवं पाऊल मध्याच्या बाजूला टाकून कंबरेतून वाकत खाली टाळी, वजन डाव्यावर परत, उजवं पाऊल बाजूला घेत छातीशी टाळी, डावं शेजारी, मग उजवीकडे सरकताना खांद्याच्या उंचीवर तिसरी टाळी आणि डावं पाऊल जोडून घ्यायचं. गावागणिक यात फरक असतो. पुढच्या बाईच्या टाचेकडे बघा, हातांकडे नको. हात चुकले तर कोणाला कळत नाही, पाऊल चुकलं तर मागची तुमच्यावर आदळते.

नवशिक्यांचं बिघडतं ते गिरकीत. सपाट पावलावर फिरलं की अंग वळतं आणि गुडघा मागे राहतो. तिसऱ्या रात्री गुडघा सुजतो तो यामुळे. वजन चवड्यावर घ्या, टाच किंचित उचला, मग फिरा. दुसरी चूक पहिल्याच तासात उड्या मारण्याची. लय रात्रीबरोबर चढत जाते, आणि वडोदऱ्याच्या मोठ्या मैदानांवर गायक मध्ये थांबत नाही. तिथे अनवाणी खेळतात. खड्यांची सवय नसेल तर आधी आठवडाभर घराच्या गच्चीवर अनवाणी चाला. दोढियुं हा गरब्याचा प्रकार पहिल्या दिवशी नको. दोढ म्हणजे दीड, आणि ते अर्धं पाऊल नेमकं कुठे पडतं हे बघूनच समजतं.

दांडिया केवढ्या घ्याव्यात? आणि बोटांवर का बसतात?

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर. लाकडी, गोल, टोकं घासलेली. घुंगरू लावलेल्या किंवा चमकी गुंडाळलेल्या दांड्या फोटोपुरत्या. चमकी सुटते आणि घाम आला की निसटतात. विकत घेताना दोन्ही एकमेकींवर वाजवून बघा. आवाज बद्द आला तर आत चीर आहे, ती काठी खेळात फुटून कपची उडते.

खालच्या टोकापासून चार बोटं सोडून सैल धरायची. समोरासमोर दोन रांगा. पाच ठोक्यांचा नेहमीचा क्रम: उजवी समोरच्याच्या उजवीवर, मग डावी डावीवर, पुन्हा उजवी उजवीवर, मग किंचित वळून आपल्याच दोन्ही एकमेकींवर, आणि पाचवी पुन्हा उजवी उजवीवर मारून पुढच्या जोडीदाराकडे सरकायचं. रांगेच्या टोकाला पोचलेला समोरच्या रांगेत जातो. संख्या विषम असेल तर टोकाचा एक फेरी रिकामा थांबतो. त्याने घाईघाईने मध्ये घुसलं की अख्खी रांग विस्कटते, आणि आपलं कोणी चुकवलं हे कोणालाच कळत नाही.

बोटांवर बसतं याची कारणं दोन. एक, काठी आडवी धरणं. ती तिरकी हवी, म्हणजे दोन काठ्यांची फुली वरच्या तिसऱ्या भागात पडते. दुसरं, जोर. दांडिया वाजवायची असते, हाणायची नसते. ठोका छातीच्या उंचीवर ठेवा. डोळ्यांसमोर किंवा डोक्यावर नेऊ नका. शेजारी लहान मूल असेल तर काठ्या खाली ठेवून टाळीवर खेळा.

चणिया-चोळी घेताना काय बघावं?

घेर आणि वजन. दहा मीटर घेर गिरकीत सुंदर दिसतो आणि तासाभराने कंबर धरतो. पहिल्या खेपेला पाच मीटर पुरे. लांबी घोट्याच्या वर दोन बोटं, नाहीतर स्वतःचाच काठ पायाखाली येतो. नाडीला दुहेरी गाठ, ओढणी खांद्यावर आणि कमरेत पिनांनी पक्की. आरसे, म्हणजे आभलं, टाक्यांनी बसवलेले घ्या. चिकटवलेले पहिल्या रात्रीच गळतात आणि अनवाणी पायांना लागतात. पुरुषांचं केडियुं, म्हणजे घेरदार आखूड अंगरखा, काखेत सैल हवं, कारण हात सतत वर असतात.

घुडखर म्हणजे गाढवच ना?

गाढवाच्या कुळातलं, पण पाळीव गाढवाचा पूर्वज नव्हे; तो आफ्रिकेतला. हे आशियाई रानगाढव, खांद्याशी साधारण चार फूट, रंग वाळूसारखा, पोट पांढरं आणि आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा. धावायला लागलं तर ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातं. रोगाच्या साथींनी १९६० च्या दशकात संख्या ४०० च्याही खाली आली होती. अभयारण्य झालं, आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरले. आता अडचण उलटी आहे: रात्री कळप बेटांवरून उतरून शेतात शिरतात आणि कपाशी-जिऱ्याच्या शेतकऱ्याची झोप उडते.

बघायला पहाटे निघा. दहानंतर जमीन तापते आणि मृगजळात कळपाचे पाय दिसेनासे होतात, नुसती पोटं तरंगतात. गाडी सरळ अंगावर न नेता तिरकी न्या, ५० मीटरवर इंजिन बंद करा. कान टवकारून सगळे एका दिशेला वळले की आणखी पुढे जायचं नाही. ‘जरा पळवा, व्हिडिओ काढू’ असं चालकाला सांगणारे महाभाग असतात. पावसाळ्यात जन्मलेली शिंगरं हिवाळ्यात लहानच असतात; पळापळीत ती आईपासून तुटतात आणि लांडग्याच्या तोंडी जातात.

मुंबईचे फ्लेमिंगो इथूनच येतात का?

बरेचसे. जीपीएस लावलेल्या पक्ष्यांनी मुंबई-गुजरात ये-जा दाखवून दिली आहे. फ्लेमिंगोला, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्याला, गुजरातीत सुरखाब आणि कच्छीत हंज म्हणतात. मोठ्या रणातल्या हंज बेटाजवळच्या वसाहतीला सालिम अलींनी १९४५ मध्ये भेट दिली तेव्हा तिथे लाखोंची दाटी होती. चिखलाचे फूटभर उंच शंकू करून त्यावर एकेक अंडं घालतात. पाणी नेमकं हवं: जास्त आलं तर घरटी बुडतात, लवकर आटलं तर कोल्हे-कुत्री चालत पोचतात. त्यामुळे दरवर्षी वीण होतेच असं नाही, आणि वसाहतीपर्यंत पर्यटकांना नेतही नाहीत. हिवाळ्यात छोट्या रणाच्या काठच्या तळ्यांवर ते आरामात दिसतात. चोच गुलाबी आणि टोक काळं तो मोठा रोहित. पूर्ण चोच गडद लाल तो छोटा.

आणखी काय दिसतं?

बन्नीच्या पश्चिमेला छारी ढंढ या पाणथळीवर हिवाळ्यात क्रौंचांचे हजारोंचे थवे उतरतात. खोकडांत दोन जाती: शेपटीचं टोक पांढरं ते वाळवंटी, काळं ते आपलं नेहमीचं. लांडगा, तरस, चिंकारा, तिलोर पक्षी, सांडा सरडा हे नशिबाने. माळढोकाच्या आशेने मात्र येऊ नका. पश्चिम कच्छातल्या नलियाकडे मोजक्या माद्याच उरल्या आहेत.

बन्नीत मैलोन्‌मैल दिसणारी हिरवी झुडपं बघून आनंदू नये. ती ‘गांडो बावळ’, आपली वेडी बाभूळ. खारं रण पुढे सरकू नये म्हणून लावली, आणि तिनेच गवत खाल्लं. बन्नीची म्हैस रात्री चरायला जाते आणि पहाटे धारेला आपण होऊन घरी येते. तिचं कुरण या झुडपाने बरंच आवळलं आहे.

आगरात मीठ कसं पिकतं?

आगरिया आणि आपले आगरी, दोघांच्या नावात तोच ‘आगर’ आहे. फरक पाण्यात: कोकणात भरतीचं पाणी घेतात, छोट्या रणात जमिनीखालचं. दिवाळीच्या सुमारास कुटुंबं रणात मुक्कामाला जातात, विहीर खणतात, पंपाने खारं पाणी उपसतात. पूर्वी डिझेलवरच अर्धी कमाई जायची, आता बऱ्याच ठिकाणी सौर पंप आले आहेत. पाटा म्हणजे मिठाचा वाफा; त्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, नाहीतर पाणी मुरतं आणि मिठात माती येते. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत दाट करतात. समुद्राचं पाणी खारेपणा मोजायच्या बोमे मापावर तीन-साडेतीन अंश भरतं. २५ च्या आसपास मीठ धरू लागतं. तीसच्या पुढे नेलं तर मॅग्नेशियमचे क्षार बसू लागतात, मीठ कडवट आणि पाणी धरणारं होतं. म्हणून त्याआधीच उरलेलं पाणी काढून टाकतात. दाताळ्याने रोज खालचा थर हलवायचा, म्हणजे दाणे चिकटत नाहीत आणि टपोरे वाढतात. त्याला वडागरू मीठ म्हणतात.

मार्चमधला एक अवकाळी पाऊस किंवा कालव्याचं सुटलेलं पाणी महिन्यांची मेहनत विरघळवतं. आगरात गेलात तर बांधावरूनच चाला. ओल्या पाट्यात उमटलेला बूट पुन्हा तुडवून बुजवावा लागतो. चहा देतील. पिण्याचं पाणी तिथे टँकरने येतं हे लक्षात ठेवून हात धुवायला मागू नका.

काळो डुंगरवर कोल्ह्यांना प्रसाद देतात हे खरं आहे?

खरं आहे. कच्छमधला हा सर्वांत उंच डोंगर, वर दत्तात्रेयाचं मंदिर. आरतीनंतर पुजारी भात ओट्यावर ठेवून ‘लोंग, लोंग’ अशी हाक देतो आणि कोल्हे येतात. दत्तगुरूंनी भुकेल्या कोल्ह्यांपुढे आपलं अंग केलं, ‘ले अंग’, त्याचं लोंग झालं अशी कथा. ते येतीलच असं नाही. गर्दी आणि मोबाइलचे दिवे असले तर झुडपात बसून वाट बघतात.

परवाना, गाडी, बूट?

पांढऱ्या रणाचा परवाना ऑनलाइन किंवा भिरंडियारा नाक्यावर मिळतो; प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि एक झेरॉक्स हवी. अभयारण्याचं तिकीट वेगळं, बजाणा किंवा ध्रांगध्रा बाजूला. सीमा जवळ आहे, ड्रोन घरी ठेवा. गुजरातेत दारूबंदी आहे.

छोट्या रणात स्वतःची गाडी घालायची नाही. वरचा थर वाळलेला, तडकलेला दिसतो, खाली लोण्यासारखा चिखल असतो. रंग गडद झाला की जमीन ओली. स्थानिक चालक जुन्या चाकोऱ्या सोडत नाही तो यासाठी. पांढऱ्या रणात मिठाचे दाणे काचेसारखे बोचतात, म्हणून जाड तळाचे कापडी बूट. चामड्याचे नकोत, मिठाने तडकतात. परतल्यावर बूट, कॅमेऱ्याची तिपाई आणि गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. दुपारी गॉगल हवाच, आणि रात्री थंडी हाडात शिरते. पौर्णिमेला मुक्कामाचे दर चढतात. आधीच्या दोन-तीन रात्री तितकंच चांदणं निम्म्या गर्दीत मिळतं.

मुंबईहून कच्छ एक्सप्रेस आणि सयाजीनगरी भुजला जातात. भुजहून धोरडो ८० किलोमीटर.

भरतकाम खरं की मशीनचं, कसं ओळखायचं?

उलटं करून बघा. मशीनच्या कामात मागे एकसारखा दुसरा दोरा धावतो, हाताच्या कामात गाठी आणि उड्या दिसतात. सूफ हा प्रकार तर धागे मोजून कापडाच्या मागच्या बाजूने भरतात, आधी चित्र काढत नाहीत.  अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, अजरखपुरात घ्या; रोगन, म्हणजे तेलाच्या रंगाने कापडावर काढलेली नक्षी, निरोणात. घासाघीस करण्याआधी एका तुकड्याला किती दिवस लागले ते विचारा.

खायला?

बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, ताक. दाबेली मांडवीची. आणि परवान्यासाठी भिरंडियाराला थांबाल तेव्हा तिथला मावा घ्या. बन्नीच्या म्हशीचं दूध आटवून केलेला, कढईतून काढून गरम देतात. मुंबईपर्यंत टिकत नाही, तिथेच संपवा.